'फ्यूडेटरी'ला मराठी शब्द कोणता? : सुर्जी अंजनगावच्या तहातील नववे कलम

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासात नोंदले गेले ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहामुळे. असई, लासवारी आणि आडगाव येथील पराभवांनंतरचा हा तह होय. त्याची चर्चा सहसा शिंद्यांनी गमावलेल्या मुलखाच्या यादीपाशी थांबते : गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर. परंतु या तहातील सर्वांत मोठा वाद त्या यादीतून उद्भवला नाही. तो उद्भवला नवव्या कलमातील 'फ्यूडेटरी' या एका इंग्रजी शब्दातून.

पूर्वी शिंद्यांचे 'फ्यूडेटरी' असलेल्या राजांशी व इतरांशी कंपनीने जे करार केले असतील ते शिंद्यांनी मान्य करावेत, असे हे कलम सांगते. असे करार कोणाकोणाशी झाले, याची यादी मात्र गव्हर्नर जनरलची मंजुरी मिळाल्यावर द्यावयाची होती. म्हणजे शब्दावर सही आधी झाली, त्याची व्याप्ती नंतर कळणार होती.

या शब्दासाठी मराठीत 'मांडलिक' हा पर्याय चटकन हाती येतो. तो सोयीचा आहे, पण येथे फसवा आहे. युरोपातील सरंजामी व्यवस्थेत धन्याकडून जमीन घेऊन त्याबदली लष्करी सेवा देणारा, तो 'फ्यूडेटरी'. मराठी राज्यव्यवहारात या एका शब्दाच्या पोटात निदान चार वेगळी नाती येतात. स्वतःचे वंशपरंपरागत राज्य राखून वरिष्ठ सत्ता मानणारा, तो मांडलिक. फौजेच्या खर्चासाठी मुलूख लावून दिलेला, तो सरंजामदार. नेमणुकीने कारभार पाहून हिशेब देणारा सुभेदार किंवा कमाविसदार हा तर निव्वळ चाकर. आणि जयपूर-जोधपूरसारखी राज्ये खंडणी देत, परंतु त्यांची जमीन शिंद्यांनी दिलेली नव्हती. खुद्द शिंदे हे औपचारिकदृष्ट्या पेशव्यांचे सरदार होते, ही गोष्ट निराळीच.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. ग्वाल्हेर-गोहदचा कारभार अंबाजी इंगळे यांच्याकडे होता. त्यांच्याशी कंपनीने डिसेंबर १८०३ मध्येच करार करून ग्वाल्हेरचा किल्ला मागून घेतला, आणि १८०४ च्या आरंभी गोहद राणा कीरतसिंह यांना देण्याचे ठरविले. 'फ्यूडेटरी' म्हणजे 'मांडलिक' असे धरल्यास अंबाजी त्यात बसत नाहीत. चाकराने धन्याचा किल्ला परस्पर देणे बेकायदा ठरते आणि ग्वाल्हेर शिंद्यांचे राहते. तोच शब्द 'ताबेदार' असा वाचल्यास अंबाजीही त्यात येतात आणि किल्ला जातो. राण्याची अडचण उलट दिशेची होती. १७८० च्या दशकात महादजी शिंद्यांनी गोहद घेतल्यावर राज्यच उरले नव्हते, मग मांडलिक कोण? शिंद्यांच्या बाजूचा युक्तिवाद हाच होता.

विशेष म्हणजे याच कलमाच्या उत्तरार्धात इंग्रज मसुदाकारांनी इंग्रजी बाजूला ठेवली आहे. जयपूर, जोधपूर व गोहद यांच्या दक्षिणेकडील, शिंदे किंवा त्यांचे 'अंमलदार' ज्याचा वसूल घेत अथवा जो फौजेच्या पगारासाठी 'सरंजामी' होता, असा मुलूख या करारांनी दिला जाणार नाही, असे तेथे म्हटले आहे. हे दोन्ही शब्द इंग्रजी मजकुरात जसेच्या तसे उतरले. जेथे नेमकेपणा हवा होता तेथे मसुदाकारांना देशी संज्ञा ठाऊक होत्या, आणि नेमक्या वादाच्या जागी त्यांनी परका, सैल शब्द ठेवला. हे हेतुतः घडले असे म्हणण्यास आधार नाही. परिणाम मात्र कंपनीच्या सोयीचा झाला. त्याच वाक्यात गोहदच्या राण्याचा स्वतंत्र प्रदेश असल्यासारखा उल्लेख आल्याने कंपनीच्या बाजूलाही बोलण्यास जागा मिळाली.

तहावर कंपनीतर्फे सही करणारे आर्थर वेलस्ली व शिंद्यांच्या दरबारी गेलेले जॉन माल्कम यांचा कल शिंद्यांचा दावा मान्य करण्याकडे होता. गव्हर्नर जनरल असलेल्या थोरल्या वेलस्लींनी तो मानला नाही. फेब्रुवारी १८०४ मध्ये कंपनीने ग्वाल्हेरचा किल्ला बळाने घेतला.

अशा स्थितीत भाषांतरकाराने काय करावे? 'मांडलिक' लिहिले तर तो नकळत शिंद्यांच्या बाजूने निकाल देतो, 'चाकर' लिहिले तर कंपनीच्या. तहाच्या संहितेत 'ताबेदार' हा त्या काळच्या व्यवहारातला, मूळ शब्दाइतकाच सैल शब्द ठेवणे अधिक प्रामाणिक. मांडलिक, सरंजामदार, सुभेदार हे नेमके शब्द विवेचनात, व्यक्तिगणिक योजावेत. संहितेतील संदिग्धता हाही पुरावा असतो आणि तो भाषांतरात पुसला गेला तर वाचकाला पुढचा वाद उगाचच उकरलेला वाटेल. 'फ्यूडेटरी' तसाच देवनागरीत ठेवण्याचा मार्ग निर्धोक दिसतो, पण त्याने मराठी वाचकापुढे प्रश्नच उभा राहत नाही.

नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहात कंपनीने ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत दिले. मात्र सुर्जी अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा त्यावर कोणताही हक्क पोहोचत नाही, हा मुलूख केवळ मैत्रीखातर दिला जात आहे, असे तिने त्यात लिहवून घेतले. कंपनीने मुलूख सोडला. शब्दाचा अर्थ सोडला नाही.