मोजणे वेगळे, ठरवणे वेगळे

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पर्यटन शाश्वत करता येईल, असे हल्ली वारंवार वाचायला मिळते. हा दावा तपासण्यासाठी इटलीतील व्हेनिसचे उदाहरण घेऊ. या शहरात २०२० साली एक नियंत्रण कक्ष सुरू झाला. शहरात किती माणसे आहेत, ती कुठून आली, गर्दी कुठे वाढते आहे, हे तेथे मोबाइलच्या नोंदींवरून व कॅमेऱ्यांवरून कळते.

अशा नोंदी साठल्या, की संगणक त्यांतील नियमितता शोधतो व उद्याच्या गर्दीचा अंदाज बांधतो. हे काम तो माणसापेक्षा वेगाने करतो, यात शंका नाही. परंतु ‘किती लोक येतील?’ आणि ‘किती लोकांनी यावे?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जुन्या नोंदींतून मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. ते समाजाला ठरवावे लागते.

व्हेनिसमध्ये नेमके हेच दिसते. २०२१ साली प्रचंड प्रवासी जहाजांना शहराच्या मधून जाण्यास बंदी झाली, ती सरकारी निर्णयाने. २०२४ पासून ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाऊ लागले. पण माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली नाही. आणि १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख असलेली जुन्या शहराची वस्ती २०२२ साली पन्नास हजारांच्या खाली उतरली.

आणखी एक धोका आहे. संगणकाने गर्दी मोकळ्या गल्ल्यांकडे वळवली, तर चेंगराचेंगरी कमी होईल. पण सोय वाढली म्हणून एकूण पर्यटकही वाढू शकतील. शिवाय २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के होता, आणि त्यात प्रवासाचा भाग मोठा आहे. गल्ली बदलल्याने विमानाचे इंधन वाचत नाही.

साताऱ्याजवळील कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. तो तुडवला गेला, तर फुले उरणार नाहीत. म्हणून तेथे बहराच्या काळात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिली गेली. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नाही. मर्यादा आधी ठरली, तर ती पाळण्यासाठी संगणक जरूर उपयोगी पडेल. मर्यादाच नसेल, तर तो केवळ ऱ्हासाची अचूक नोंद ठेवील.

आपल्या गावाजवळच्या किल्ल्यावर वा धबधब्यावर किती माणसे जावीत? ते कशावरून ठरवावे, आणि कोणी? वर्गात चर्चेला हा प्रश्न जरूर घ्यावा.