मताधिकार आणि सामाजिक सुधारणा : डॉ. आंबेडकरांच्या निवेदनांचा चिकित्सक विचार

‘आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क’ हा वाद महाराष्ट्रात आगरकर आणि टिळक यांच्या नावांशी निगडित आहे. या वादाची मांडणीच बदलण्याचे श्रेय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मताधिकारविषयक निवेदनांना द्यावे लागते. त्यांच्या दृष्टीने मत हे सामाजिक सुधारणेचेच साधन होते.

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. अस्पृश्यतेमुळेच ज्यांना व्यापार-व्यवसाय बंद झाले, त्यांची पात्रता मालमत्तेवरून ठरविणे म्हणजे अन्यायाच्या परिणामालाच अपात्रतेचे कारण बनविणे होय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. मात्र या निवेदनाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यात अस्पृश्यांसाठी अट शिथिल करण्याची मागणी आहे. मालमत्तेची कसोटी सर्वांसाठीच रद्द करण्याची नाही.

१९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर ही मर्यादा ओलांडली गेल्याचे दिसून येते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तो मिळाल्यास राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ, अन्यथा स्वतंत्र मतदारसंघ, अशी ती भूमिका होती. निरक्षरता म्हणजे अज्ञान नव्हे, असे त्यांचे १९२९ च्या स्वतंत्र अहवालातील प्रतिपादन होते. सवलतीची भाषा येथे हक्काच्या भाषेत रूपांतरित झाली.

या भूमिकेचे मोल विठ्ठलवाडीलगतच्या कल्याण कॅम्पच्या, म्हणजे आजच्या उल्हासनगरच्या, संदर्भात स्पष्ट होते. फाळणीनंतर घरदार गमावून आलेले सिंधी निर्वासित मालमत्तेच्या कसोटीवर मतदार ठरणे दुरापास्त होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदार याद्या तयार होताना मात्र कायम वास्तव्याचा इरादा जाहीर करणाऱ्या निर्वासितांची नोंद करण्याची मुभा देण्यात आली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व प्रस्थापित केले.

तथापि, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनीच राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला. हा इशारा म्हणजे पूर्वीच्या भूमिकेचा त्याग नसून तिची पूर्तता आहे. मताधिकाराचे मूल्यमापन केवळ मतदानाच्या टक्केवारीवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. मत देणाऱ्याला मतदान केंद्राबाहेर कोणती वागणूक मिळते, हीच त्याची खरी कसोटी होय.