मॅकच्या पोटातली टू-ई

१९९१ साली ॲपलने १९९ डॉलरला एक कार्ड विकायला काढलं. मॅकिंटॉश एलसीचं झाकण उघडायचं, आतल्या एकुलत्या एका स्लॉटमध्ये ते बसवायचं, की १९८३च्या ॲपल टू-ईचे बहुतेक प्रोग्रॅम मॅकवर चालू. हेतू उघड धंद्याचा होता. अमेरिकेतल्या शाळांची कपाटं टू-ईच्या फ्लॉप्यांनी भरलेली, ‘ओरेगन ट्रेल’सारखे खेळ मुलांच्या अंगवळणी पडलेले, ते सगळं टाकून मॅक घ्या म्हटलं तर घेणार कोण? गंमत म्हणजे खुद्द टू-ईचीही विक्री तेव्हा सुरूच होती, ती थांबली १९९३मध्ये. मूळ पात्र हयात असताना घरच्यांनीच त्याचं सोंग बाजारात आणलं होतं.

पण धंद्यापायी केलेली गोष्ट देखणी नसते असं थोडंच आहे? या कार्डाचं देखणेपण निवडीत आहे. अस्सल कुठे राहायचं आणि सोंगावर कुठे भागवायचं, हे त्याच्या कर्त्यांना नेमकं कळलं होतं.

प्रोसेसर अस्सल. मॅकच्या ६८०२० प्रोसेसरला टू-ईची बोली शिकवत बसण्याऐवजी त्यांनी कार्डावर खराखुरा ६५सी०२ दिला आणि टू-ईचं उरलेलं बरंचसं यंत्र ‘जेमिनाय’ नावाच्या चिपमध्ये कोंबलं. याचं मोल टू-ईचा आवाज ऐकला की कळतं. तिथे आवाजासाठी वेगळी चिपच नाही. प्रोग्रॅमने मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्याला हात लावला की स्पीकर एकदा ‘टक्’ करतो, बस्स. असे टक् किती अंतराने पाडायचे त्यावर सूर ठरतो, आणि ते अंतर मोजायचं प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावून. वेग वाढला की सूर चढलाच. म्हणून कार्डाला दोन वेग आहेत, १.९ मेगाहर्ट्झ आणि १ मेगाहर्ट्झ. पत्रं लिहायला, हिशेब करायला पहिला बरा. खेळ लावायचा तर दुसराच. १६ मेगाहर्ट्झच्या मशीनच्या पोटात १ मेगाहर्ट्झ इतक्या निगुतीने जपलेला पाहून मी तरी मनापासून दाद देतो.

कार्डाच्या मागून दोन फाटे फुटलेली केबल निघते. एकाला जॉयस्टिक, दुसऱ्याला खरा सव्वापाच इंची ड्राइव्ह. खेळांच्या कंपन्यांनी चोरीच्या धास्तीने डिस्कवरचे ट्रॅक मुद्दाम वेडेवाकडे लिहून ठेवलेले असायचे. तिथे सोंगाचा पाड लागला नसता.

पडदा मात्र निव्वळ सोंग. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक याने मूळ ॲपल टूचे रंग अमेरिकन टीव्हीच्या सिग्नलला चकवून काढले होते. मॅकच्या मॉनिटरला तो चकवा लागूच होत नाही, त्यामुळे प्रत्येक चित्र मॅकच्या क्विकड्रॉ या चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला नव्याने रंगवावं लागतं. एलसीवर त्याला धाप लागते आणि धावपळीच्या खेळात चित्र मागे रेंगाळतं. हा दोष आहे, झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच पडद्यावरचा एक आकडा पाहा. एलसीचा लहान १२ इंची रंगीत मॉनिटर एरवी ५१२ × ३८४ ठिपके दाखवतो. टू-ई जागी झाली की ५६० × ३८४. टू-ईच्या ओळीत ८० अक्षरं, अक्षराला ७ ठिपके, झाले ५६०. तिचं हाय-रेझ चित्र २८० × १९२चं. दोन्हीकडून दुप्पट करा, पुन्हा तेच. अर्धामुर्धा ठिपका कुठे उरत नाही, म्हणून अक्षराची कड फिसकटत नाही. एका कार्डाखातर मॅकच्या चित्रयंत्रणेत ही खास सोय ठेवणाऱ्याची नजर पक्की म्हणायची.

कमांड, कंट्रोल, एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की पर्यायांचं पॅनेल उघडतं. टू-ईचा सारा संसार सात स्लॉटांवर चालायचा. कार्डावर तसा एकही नाही. इथे पॅनेलमध्ये त्या स्लॉटांत बसणाऱ्या गोष्टींची छोटी छोटी चित्रं आहेत, ती माउसने ओढून १ ते ७ या जागांवर टाकायची. डिस्क सहाव्यात हे टू-ईवाल्यांना झोपेतही पाठ, आणि ‘पीआर#६’ टाइप केलं की टू-ई इमानाने तिथूनच सुरू होते. खरं कार्ड खुपसायची सोय अर्थातच नाही. एखाद्या शाळेने प्रयोगशाळेसाठी बाहेरचं खास कार्ड घेतलेलं असेल, तर तिला जुनी टू-ई टेबलावर ठेवणं भागच होतं.