‘भल्लं’ ऊन आणि ‘निरं’ पानी

मंडळी, वऱ्हाडी बोलीवर कुठंही बोलायला उभं राहिलं की आधी हशा येतो. ‘काहून बे’ एवढे दोन शब्द पुरतात. आम्ही आज या हशाबद्दलच बोलणार आहोत, कारण बोलीतल्या जोर देणाऱ्या शब्दांचं जास्तीत जास्त नुकसान त्यानंच केलंय.

मालिकेतलं वऱ्हाडी पात्र घ्या. वाक्य प्रमाण मराठीत लिहायचं, वरून ‘लय’ आणि ‘बे’ भुरभुरायचे, झाला अमरावतीचा माणूस तयार! अहो, ‘लय’ तर कोल्हापुरातही आहे. वऱ्हाडची चव ‘भल्ला’मध्ये आहे. आणि हा शब्द वाकतो, बघा: भल्ला पाऊस, भल्ली थंडी, भल्लं ऊन. ‘फार’, ‘खूप’ असे वाकत नाहीत. आपल्या ‘भलामोठा’त त्याचाच भाऊबंद ‘मोठा’ला चिकटून बसलाय, वऱ्हाडात तो मोकळा फिरतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ‘भल्लं ऊन तापून रायलं’ यात विनोद कुठं आहे?

‘बाप्पा’ तर जागा बदलली की अर्थ बदलतो. आधी आला तर नवल. वाक्याच्या शेवटी आला, ‘लय झालं बाप्पा’, तर थकवा.

‘निरा’चं काम आणखी वेगळं. तो किती ते सांगत नाही, दुसरं काही उरलेलं नाही हे सांगतो. पातळ दुधाला ‘निरं पानी हाये हे’ म्हटलं की दूधवाल्याची सुटका नाही. ‘निरा बह्याड’ म्हणजे खूप वेडा नव्हे. शहाणपणाचा कणही नसलेला.

साहित्यात हे कुणी ओळखलं? उद्धव शेळके यांनी, १९६०च्या ‘धग’मध्ये. कौतिक वऱ्हाडी बोलते आणि वाचणाऱ्याला हसू येत नाही. संसार हातातून सुटत चाललेली ही बाई बोलते तेव्हा तिची बोली ‘गंमत’ म्हणून ऐकताच येत नाही, हे आम्हाला त्या कादंबरीचं मोठं यश वाटतं. पण एक तक्रारही आहे. कादंबरीचं निवेदन प्रमाण मराठीत आहे. म्हणजे पात्रांनी वऱ्हाडीत रडायचं आणि लेखकानं प्रमाण भाषेत समजावून सांगायचं. ही वाटणी पुढं इतरांनीही बिनतक्रार चालवली.

गाडगेबाबांनी ती मानली नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या श्रोत्यांपुढंही आपल्याच बोलीत उभा राहिला. लोक हसायचे, हो. पण हसता हसता कर्जाचा, दारूचा सवाल अंगावर यायचा. आजच्या विनोदी कार्यक्रमात तो सवाल गळून पडलाय आणि नुसता हेल उरलाय.

आता, हा काही नुसता साहित्याचा प्रश्न नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली. अशा वेळी ‘कपाशीची निरी माती झाली’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याचं बोलणं कागदावर ‘कपाशीचं खूप नुकसान झालं’ असं उतरवलं, तर काय होतं? खूप नुकसानीत थोडं पीक शिल्लक असतं. त्याच्या वाक्यात ते नव्हतं.