डग्गा मागाहून का येतो?

राहात्याला आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे स्थितिविद्युत स्पीकरांची जोडी आहे. तबला ऐकताना खाली काहीतरी उणे वाटते म्हणून त्यांनी सबवूफर आणला आणि महिन्याभरात विकायलाही काढला. कारण विचारले तर म्हणाले, "पडदा चपळ, हा डबा आळशी. डग्गा मागाहून येतो." हायफाय मासिकांतल्या परीक्षणांतही हे मत पुष्कळदा आढळते. तक्रार खरी, पण दिलेले कारण चुकीचे, असे आम्हांला वाटते. ही चूक वर्गातही भेटते, म्हणून हा खटाटोप.

अशा स्पीकरात दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार ठेवतात. पट्ट्यांना संगीताचा विद्युतसंदेश मिळाला की पडदा सर्वांगाने ओढला-ढकलला जातो. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये असा पूर्ण स्पीकर बाजारात आणला. मानवी आवाजासाठी त्याची कीर्ती आजही आहे. पण एक सप्तक खाली उतरले की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला निदान चौपट हलावे लागते, आणि पट्ट्यांमधली जागा काही मिलिमीटरच. शिवाय पडदा मागून उघडा. पुढे दाब वाढतो तेव्हा मागे तो कमी होतो, आणि लांब तरंग कडेवरून वळून एकमेकांना खोडतात. त्यामुळे वूफरची सोबत घेण्याची चाल जुनीच. अमेरिकेत १९५० च्या दशकात जॅन्सेनचे स्थितिविद्युत स्पीकर एआर कंपनीच्या वूफरवर बसवून ऐकत असत. पुण्याच्या केडन्स कंपनीनेही पडदा आणि वूफर एकत्र असलेले स्पीकर बनवले.

आता 'आळशी' या शब्दाकडे वळू. हवेत खर्ज हळू आणि तार जलद जात नाही. तसे असते तर दुरून येणाऱ्या वरातीतला ढोल आणि ट्रम्पेट यांचा मेळ केव्हाच तुटला असता. सेकंदाला ८० वेळा मागेपुढे होण्याइतकी चपळाई वूफरच्या जड शंकूत असतेच. डग्ग्यावरच्या थापेचा कडक आरंभ वरच्या वारंवारतांत असतो. तो पडदाच वाजवतो, सबवूफरच्या वाट्याला येतच नाही. वेग आणि वारंवारता यांची गल्लत आमचे नववीचे विद्यार्थी करतात तेव्हा आम्ही गुण कापतो. परीक्षणकारांना मात्र पूर्ण गुण मिळतात!

मग मागाहून काय येते? स्नेह्यांचा सबवूफर खोलीच्या कोपऱ्यात, पडद्यांपेक्षा सुमारे दोन मीटर मागे होता. ध्वनीचा वेग ३४० मीटर धरला तर ८० हर्ट्झची तरंगलांबी सव्वाचार मीटर. म्हणजे फरक जवळजवळ अर्ध्या तरंगाचा. जिथे दोघांनी एकत्र गायचे तिथेच ते एकमेकांना खोडत होते. दुसरा दोष खोलीचा. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ आणि ६८ हर्ट्झच्या आसपास स्थिर तरंग उभे राहतात, आणि कोपऱ्यातला डबा त्यांना सर्वांत जोमाने चेतवतो. वादकाने मनगट घासून डग्ग्याचा स्वर चढवला की मधला एकच स्वर फुगायचा आणि हात उठल्यावरही रेंगाळायचा. कानाला 'उशीर' वाटतो तो हाच.

आम्ही डबा पडद्यांच्या ओळीत आणला, आवाज उतरवला आणि ८० हर्ट्झचा स्वर लावून कलाबदलाची कळ दोन्हीकडे फिरवून पाहिली. ज्या बाजूला बसल्या जागी स्वर मोठा ऐकू आला ती ठेवली. हा प्रयोग शाळेत दोन साध्या स्पीकरांवरही जमतो; एकाच्या तारा उलट करा आणि दोघे शेजारी ठेवा.

डग्गा जागेवर आला. तानपुऱ्यात मात्र आम्हांला फरक जाणवला नाही. काळी एकच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची, पण तिचा मूळ स्वर क्षीण असला तरी वरच्या स्वरांवरून कान तो भरून काढतो. केवळ गायन ऐकणाऱ्याने सबवूफरवर खर्च करू नये. जोडीतला एक दोष तर तसाच राहिला. पडदा समोर आवाज फेकतो, डबा चौफेर. त्यामुळे दारात उभे राहिले की बोल हरवतात, घुमारा तेवढा उरतो. स्नेह्यांनी डबा विकला नाही. तो आता खोलीच्या मधोमध आहे आणि घरातली मंडळी त्याला वळसा घालून जातात.