पुस्तकात नसलेली चाल

आईची पेटी विमानातून आली ती तीन जुन्या सुती साड्यांत गुंडाळून. मिशिगनच्या विमानतळावर तपासणीसाने बोचकं सोडायला लावलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. आईनं उत्तर दिलं नाही. झाकण उघडलं, डाव्या हातानं भाता ओढला आणि एक कडवं वाजवून दाखवलं. नंतर गाडीत म्हणाली, "सांगून काय समजते त्याले!"

परदेशात जपलेल्या कलेवर लिहा, असं इथल्या मराठी मंडळानं कळवलं तेव्हा मला ही पेटी आठवली. आपल्याकडे लावणी होते, नाटकं होतात, ढोल-ताशाचं पथक तर दर वर्षी वाढतंच आहे. मराठी ख्रिस्ती भजन मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आईनं ते ब्याण्णव वर्षं गायलं, त्यांतली शेवटची तीस इथं.

ती यवतमाळची. पांढरकवड्याजवळच्या उमरीच्या मिशन दवाखान्यात नर्स होती, लग्नानंतर यवतमाळात स्थिरावली. जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनचं काम जुनं. १९५३मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि १९८३मध्ये पुण्याला गेली. मधल्या तीस वर्षांत आमच्या गावात केरळचे आणि ईशान्येकडच्या डोंगरांतले विद्यार्थी राहिले. एकाच रविवारी चार भाषांतली गाणी कानांवर पडायची. त्या पोरांचं चौपदरी गाणं आईला फार आवडे, पण स्वतः गायला बसली की ती पेटी, तबला आणि झांजांकडेच वळे. ठेका तर सरळ खेड्यातला. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखानं ऐकली, त्या मुलखात ख्रिस्ती भजनही थोडं खंजिरीच्या अंगानं जाणारच.

नारायण वामन टिळकांवर तिचा विशेष लोभ. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचा जो मिशनरी भेटला आणि ज्यानं त्यांच्या हाती बायबल दिलं, तो फ्री मेथडिस्ट. म्हणजे आमच्याच मिशनचा. पुढे १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. "टिळक आपल्या गाडीतले," असं आई म्हणायची, जणू डब्यात समोरच्या बाकावर तीच बसली होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यामुळे त्यांची भजनं अभंग, ओवी, दिंडी यांत सहज बसतात. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आईच्या उशाशी बायबलच्या खालीच असे. शाळेत न गेलेल्या या बाईनं नवऱ्याचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, हे ती आम्हाला अभ्यासाचा कंटाळा आला की ऐकवी.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक होतं, पानं पिवळी पडलेलं. त्यात शब्द आहेत. चालीच्या जागी बारीक अक्षरांत कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचं नाव. ते दुसरं गाणं आज कुणाला येतं? त्या काळी ते सगळ्यांच्या तोंडी असणार, म्हणून नाव पुरलं. आता ते गाणं गेलं आणि नुसतं नाव राहिलं. चाल राहिली ती आईसारख्या बायकांच्या गळ्यात. कृष्णराव सांगळ्यांच्या काळापासून अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजलं. तिथल्या चालीची वऱ्हाडात येईपर्यंत वळणं बदलली आणि यवतमाळात तिला आणखी एक हेलकावा मिळाला. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

म्हणून आईचा शिकवण्याचा हट्ट. शनिवारी संध्याकाळी आमच्या तळघरात पाच-सहा घरची माणसं जमायची: नगरची, सोलापूरची, एक कोल्हापूरचं जोडपं. प्रत्येकाची चाल निराळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटायची. आईपुढे कुणाचं चालत नसे. मुलं वहीत बघून गायला लागली की ती वही मिटायची. "गानं हाय ते, पाढे नाईत." बाहेरचा बर्फ पाहून तिला वेचणीचा कापूस आठवायचा, असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. तिला गुडघे आठवायचे. तरी नाताळच्या आधीची भजनाची फेरी तिनं सोडली नाही. घरोघर गाडीनं जाऊन, बूट काढून, कोट काढून, पुन्हा चढवून. एका रात्रीत अकरा घरं झाली तेव्हा ती पंचाहत्तरीची होती.

गणपतीत मंडळाचा पेटीवाला आला नाही की तिला बोलावणं यायचं. ती जायची. चर्चमधल्या एकीनं याबद्दल हळूच विचारलं, तर म्हणाली, "त्याइचा मानूस नोता आला, मंग मी वाजवून देली." विषय संपला.

पेटीचा भाता मात्र जुना होता, शिवणीत गळायचा. तिसऱ्या ओळीच्या शेवटी हवा संपायची. मग आई एक मात्रा थांबून भाता भरून घेई आणि चौथी ओळ उचली. इथं दुरुस्त करणारा कुणी मिळाला नाही आणि तिनंही फारसा शोधला नाही.

गेल्या मार्चमध्ये तिला निरोप देताना माझ्या मुलीनं कीबोर्डवर तिचं आवडतं भजन घेतलं. कीबोर्डला भाता नसतो. तिसरी ओळ संपली, मुलगी एक मात्रा थांबली. नगरकर थांबले, सोलापूरकर थांबले, कोल्हापूरचं जोडपंही थांबलं. मग सगळ्यांनी मिळून चौथी ओळ उचलली.