शून्य, एक आणि उणे एक : कूटलेखनाच्या आज्ञावलीतील काही दुरुस्त्यांची चिकित्सा

हस्तलिखितावरून ग्रंथ सिद्ध करणाऱ्या संपादकासमोर प्रत्येक स्थळी तीन शक्यता असतात : अक्षर आहे, अक्षर नाही, किंवा पान कसरीने खाल्ल्यामुळे ते वाचता येत नाही. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १८८६ पासून 'काव्यमाला' प्रसिद्ध केली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या त्या संपादनांत त्रुटित स्थळी टिंबे छापलेली आढळतात. काळबादेवीच्या गल्लीत जुळवलेली टिंबांची ती ओळ हे एक स्वतंत्र विधानच होय : येथे निर्णय करता आला नाही. संपादकाने ते गाळले असते, तर वाचकाने अभाव तरी मानला असता किंवा अखंड पाठ तरी; आणि दोन्ही चूक ठरले असते.

संगणकाच्या कूटलेखनविषयक आज्ञावलीत हे तिसरे विधान कसे हरवते, हे प्रस्तुत चिकित्सेत पहावयाचे आहे. विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. दादरच्या फुलबाजारात भ्रमणध्वनीवरून पैसे चुकते करणारा मनुष्य ज्या बँकेशी बोलतो ती खरोखर तीच बँक आहे किंवा नाही, हे अंकीय स्वाक्षरी तपासूनच ठरते. आणि ती तपासणी बहुधा मुक्तस्रोत आज्ञावलीच करीत असते.

'ओपनएसएसएल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचात स्वाक्षरी तपासणारे एक फलन आहे. स्वाक्षरी खरी असल्यास ते १ हे उत्तर देते, खोटी असल्यास ०, आणि तपासणीच पार पडू शकली नाही तर उणे १. आता सी या संगणकभाषेचा नियम असा की, शून्य तेवढे असत्य. शून्येतर सर्व सत्य. ज्यांनी हे फलन वापरले त्यांनी 'उत्तर असत्य असेल तर नाकारा' एवढेच लिहिले. परिणामी मुद्दाम विद्रूप केलेली स्वाक्षरी पुढे केली की फलन उणे १ म्हणे, आणि हाक मारणारा त्याचा अर्थ 'खरी' असा घेई. भूतलावर घट दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणण्यासाठीसुद्धा आपल्या दर्शनकारांनी योग्यानुपलब्धीची अट घातली. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. अंधारात घट दिसला नाही, सबब तो आहे, असे म्हणणारा तार्किक मात्र अद्याप जन्मास यावयाचा आहे. आज्ञावलीने नेमके तेच म्हटले.

जानेवारी २००९ मध्ये हा दोष दूर झाला. दुरुस्ती तशी अल्पाक्षरी होती : 'असत्य असेल तर' याच्या जागी 'शून्य किंवा त्याहून कमी असेल तर'. ती बरोबर होती यात शंका नाही. तथापि तिने हाक मारणाऱ्यांची वाक्ये सुधारली, उत्तर देणाऱ्याची भाषा तशीच ठेवली. याच घराण्यातील फलनांची उत्तरे चुकीची वाचल्याबद्दल 'बाइंड' व 'एनटीपी' या प्रणालींनाही त्याच सुमारास दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या शब्दाने एवढे वाचक फसतात, त्या शब्दाचाच विचार व्हावयास हवा होता.

मार्च २०१४ मधील 'ग्नूटीएलएस'चे प्रकरण भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक वाटेल. या संचात दोन बोली शेजारी नांदत होत्या. एका बोलीत ० म्हणजे 'काही बिघडले नाही' आणि ऋण संख्या म्हणजे बिघाड. दुसरीत ० म्हणजे 'नाही' आणि १ म्हणजे 'होय'. प्रमाणपत्र देणाऱ्याचा अधिकार तपासणारे फलन दुसऱ्या बोलीत बोलत असे. परंतु आतल्या फलनांत बिघाड झाला की पहिल्या बोलीतील ऋण संख्या ते जशीच्या तशी बाहेर पाठवी, आणि ऐकणारा तिला होकार समजे. दुरुस्तीत बिघाडासाठी वेगळी वाट काढून तिच्या शेवटी उत्तर निःसंदिग्धपणे शून्य केले. म्हणजे बोलींच्या सीमेवर भाषांतरकार बसविला. ही दुरुस्ती २००९ च्या दुरुस्तीहून सरस म्हटली पाहिजे, कारण ती बोलणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलच्या प्रकट आज्ञावलीत 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आल्याचे उघड झाले. दुसरी ओळ कोणत्याही अटीविना अंमलात येई आणि खरी तपासणी ओलांडून नियंत्रण थेट शेवटी पोचे. तेथील खुणेचे नाव 'फेल', परंतु त्या वेळी हाती असलेले मूल्य शून्य. आणि शून्याचा अर्थ तेथे यश. नाव अपयशाचे आणि अर्थ यशाचा! वाचणाऱ्याचा डोळा नावावर विसावतो. यंत्र केवळ मूल्य पाहते.

'ओपनएसएसएल'पासून २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या 'बोरिंगएसएसएल'ने बहुतेक फलनांची उत्तरे १ आणि ० एवढीच ठेवली. यावर आक्षेप येईल : हे तर टिंबे पुसून टाकणेच झाले. तो आक्षेप टिकत नाही. 'विश्वास ठेवावा काय?' आणि 'का ठेवू नये?' हे प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याला दोनच उत्तरे संभवतात, कारण जे तपासता आले नाही तेही नाकारावयाचेच असते. दुसऱ्याची उत्तरे अनेक, आणि त्यांच्यासाठी बिघाडांची वेगळी नोंद ठेवलेली असते. संपादकसुद्धा पाठ वर देतो, प्रतींची हकीकत तळटीपेत. एकाच संख्येने दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यावे, हा मूळ दोष.

ती तळटीप कोणी वाचावी, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. ब्लायखेनबाखर यांनी १९९८ मध्ये आणि व्होदने यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, उलगडा नेमका कोणत्या कारणाने फसला हे परक्याला कळले, तर तेवढ्या सुगाव्यावरून तो गुप्त मजकूर हळूहळू काढून घेऊ शकतो. म्हणूनच २००६ च्या टीएलएस १.१ या संकेतात दोन वेगळ्या बिघाडांसाठी बाहेर एकच सूचना पाठविण्याचा दंडक घातला गेला.